पॅचचे शीर्षक : लिनक्स कर्नलमधील नामसंकेत

लिनक्स कर्नल हा जगभरातील हजारो विकसकांनी मिळून जोपासलेला प्रकल्प आहे. त्यात सुचवलेल्या बदलाला ‘पॅच’ म्हणतात आणि तो प्रामुख्याने ईमेलने पाठवला जातो. परीक्षकाच्या नजरेस प्रथम पडते ती विषयाची ओळ. ती कशी लिहावी, याचे संकेत कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदवलेले आहेत.

शीर्षकाची रचना

‘[पॅच व्ही२ ३/५] यूएसबी:’ अशी सुरुवात उदाहरणादाखल घेऊ. पाच पॅचच्या मालिकेतील हा तिसरा असून मालिकेची ही दुसरी आवृत्ती आहे, असे कंसातील मजकूर सांगतो. तो केवळ परीक्षणापुरता असतो. पॅच स्वीकारताना गिट ही प्रणाली तो गाळून टाकते. पुढे उपप्रणालीचे नाव आणि विसर्गचिन्हानंतर बदलाचा सारांश येतो. एकूण सारांश ७० ते ७५ अक्षरांत बसावा, तो आज्ञार्थी असावा, म्हणजे ‘दुरुस्त केले’ नव्हे, तर ‘दुरुस्त कर’, अशी अपेक्षा असते. नुसते फाइलचे नाव किंवा मालिकेतील सर्व पॅचना एकच सारांश चालत नाही.

काटेकोरपणा कशासाठी?

हा सारांश इतिहासात कायम राहतो आणि पुढे त्याच नावाने बदलाचा उल्लेख होतो. एखादा पॅच जुना दोष दूर करत असेल, तर ‘फिक्सेस’ या खुणेपुढे दोष निर्माण करणाऱ्या कमिटच्या हॅशची किमान पहिली १२ अक्षरे आणि तिचे शीर्षक द्यावे लागते. तो दोष कर्नलच्या कोणत्या जुन्या आवृत्त्यांत आहे, हे त्यावरून ठरवता येते. दुरुस्ती त्या स्थिर आवृत्त्यांतही जावी, अशी इच्छा असल्यास ‘स्टेबल’च्या नावे स्वतंत्र खूण करावी लागते, केवळ ‘फिक्सेस’ पुरेशी मानली जात नाही. ही नोंद राहून गेली, तर सुरक्षेची दुरुस्तीही जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्या यंत्रांपर्यंत उशिरा पोहोचू शकते.

लेखकाचे नाव

२००४पासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ असते. हा बदल मुक्त परवान्याखाली देण्याचा आपल्याला अधिकार आहे, याची ती ग्वाही होय. येथे ‘खरे नाव’ देण्याची अट होती. २०२३मध्ये तिच्या जागी ‘ज्ञात ओळख’ असा शब्दप्रयोग आला. निनावी योगदान मात्र आजही अमान्य आहे.

मराठी विकसकांनी येथे विशेष दक्ष राहावे. कधी वडिलांच्या नावासह, कधी त्याविना, तर कधी विवाहानंतरच्या आडनावाने सही केल्यास एकाच व्यक्तीचे काम अनेकांच्या खात्यावर विखुरते. ‘मेलमॅप’ फाइलमध्ये ही नावे नंतर जोडता येतात. तरीही नाव आणि ईमेल पत्ता यांचे एकच रूप आरंभीच ठरवावे. तसेच पहिला पॅच पाठवण्यापूर्वी ‘गिट लॉग’मध्ये त्याच फाइलवरील आधीची शीर्षके पाहावीत. उपप्रणालीचे नाव तेथे कसे लिहिले जाते, हे त्यांतून सहज कळते.