मुद्दल ८८०, व्याज वेगळे

दोन ठिकाणांमधले अंतर कशात मोजायचे, याचे उत्तर भूगोलाच्या मास्तरांपेक्षा बँकेतला कारकून बरे देईल. आमच्या काउंटरपासून साहेबांची केबिन अठरा पावलांवर; रजेचा अर्ज मात्र हे अंतर तीन दिवसांत कापतो. शहरांचेही तसेच असते.

मुंबई आणि कराचीच घ्या ना. आकाशातून सरळ रेघ ओढली तर सुमारे ८८० किलोमीटर. रेल्वेने नागपूर गाठायचे तर साधारण एवढेच रूळ तुडवावे लागतात, आणि तेवढ्या प्रवासाला दशम्यांचा एक डबा पुरतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी हे अंतर एका इंजिनाच्या चिमुकल्या 'पुस मॉथ' विमानातून कापले. बरोबर टपालाची थैली. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरले. ते पत्र्याच्या डब्यांतून बैलगाडीवर लादून आले होते! म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या शुभारंभाला बैलांचेही चार खूर लागले आहेत. एवढे होऊनही सकाळी कराचीहून निघालेली पत्रे दुपारी जुहूला उतरली.

तेव्हा दोन्ही शहरे एकाच घरातली. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीत १८५५ साली निघालेली एक सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांच्या नावाने चालते.

आमच्या शाखेत पूर्वी एक सिंधी आजोबा पेन्शन घ्यायला येत. फॉर्मवर जन्मस्थान लिहीत, 'कराची, मुंबई इलाखा'. एका नव्या ऑफिसरने त्यावर लाल गोल काढून प्रश्नचिन्ह टाकले. आजोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, मी कुठे हललो? रेघ हलली."

१९८२ साली, त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीहून तशाच छोट्या विमानाने मुंबईला आले. आज विशीतल्या पोरालाही ते जमायचे नाही. थेट विमानसेवा नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केले.

मग जायचे कसे? दुबईमार्गे. मुंबई-दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे ११९०. बेरीज ३१२०. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे हिशेब केल्यावाचून राहवत नाही. मुद्दल ८८० आणि वरचे व्याज २२४० किलोमीटर! इतका दर आमच्या गावचा सावकारसुद्धा लावत नसे. हवेत जाणारे पाचेक तास आणि दुबईच्या बाकावरची प्रतीक्षा धरली, तर जेटच्या युगातला माणूस बैलगाडीवाल्या टपालाच्या आधी पोचेलच, याची हमी मी देणार नाही. व्हिसाला लागणारे दिवस यात धरलेलेच नाहीत. ते खाते निराळे.

नकाशात पाहाल तर कराची अजून तिथेच आहे, तसूभरही सरकलेली नाही. अंतर वाढले आहे ते फक्त माणसांसाठी.