कागद, नाणे आणि प्रेम : ‘समव्हेअर इन टाइम’च्या निमित्ताने

गतकाळातील स्त्रीच्या प्रेमात पडून तिच्या काळात जाऊ पाहणारा पुरुष हे इंग्रजी कथनसाहित्यातील एक जुने आशयसूत्र आहे. हेन्री जेम्स यांची ‘द सेन्स ऑफ द पास्ट’ ही अपूर्ण कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, १९१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे जॉन बाल्डरस्टन यांनी ‘बर्कली स्क्वेअर’ (१९२६) हे नाटक लिहिले आणि १९३३ मध्ये त्याचा चित्रपट झाला. त्यातील नायक विसाव्या शतकातून १७८४ मध्ये जातो, तिथल्या तरुणीवर प्रेम करतो आणि तिला गमावून परततो. एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) मधील प्रवाशाला यंत्र लागते. या दुसऱ्या परंपरेतील प्रवाशाला जुने घर, जुने चित्र आणि उत्कट ओढ एवढे पुरते.

१९८० चा ‘समव्हेअर इन टाइम’ हा अमेरिकन चित्रपट याच परंपरेतला. रिचर्ड मॅथेसन यांच्या ‘बिड टाइम रिटर्न’ (१९७५) या कादंबरीवरून त्यांनीच पटकथा लिहिली आणि जानो श्वार्क यांनी दिग्दर्शन केले. १९७२ मध्ये एक वृद्धा रिचर्ड कॉलियर (क्रिस्टोफर रीव्ह) या तरुण नाटककाराच्या हातात खिशातले घड्याळ ठेवते, परत ये असे विनवते आणि निघून जाते. आठ वर्षांनी एका जुन्या हॉटेलात त्याला एलिझ मकेना (जेन सीमोर) या अभिनेत्रीचे १९१२ मधील छायाचित्र दिसते. ती वृद्धा हीच होती, असे त्याला शोधाअंती कळते. मग स्वसंमोहनाने तो १९१२ मध्ये पोहोचतो.

या चित्रपटाची चर्चा बहुधा त्याच्या हळवेपणाभोवती फिरते. जॉन बॅरी यांचे संगीत आणि रखमानिनोव्हची सुरावट त्या चर्चेला खाद्य पुरवतात. परंतु कथानकाची रचना पाहिली, तर हा चित्रपट पुराव्यांवर उभा आहे असे दिसते. इतिहासाचा अभ्यासक ज्या साधनांवर विसंबतो, तीच साधने येथे प्रेमकथा पुढे नेतात.

पहिले साधन छायाचित्र. त्यातील एलिझ कोणाकडे तरी पाहून हसते आहे. कोणाकडे, हे चौकटीत नाही. पुढे १९१२ मध्ये ते छायाचित्र टिपले जात असताना रिचर्ड समोर येतो आणि ते हसू त्याच्यासाठीच होते, हे आपल्याला कळते. दुसरे साधन हॉटेलची नोंदवही. स्वसंमोहनाचा पहिला प्रयत्न फसतो, कारण मनात खात्री नसते. माळ्यावरच्या जुन्या वह्या चाळताना १९१२ च्या पानावर त्याला स्वतःची सही सापडते. आपण तिथे गेलो होतो याचा कागदोपत्री पुरावा मिळाल्यावरच तो जाऊ शकतो. तिसरे साधन नाणे. कोटाचे खिसे एलिझला कौतुकाने दाखवताना त्याच्या हाती १९७९ चा सेंट लागतो आणि तो तत्क्षणी वर्तमानात फेकला जातो. एक तारीख त्याला नेते, दुसरी परत आणते. एलिझचा व्यवस्थापक रॉबिन्सन याचा विरोध कथेत आहे. पण अखेर प्रेमात आड येते ती नाण्यावरची तारीख.

चौथे साधन घड्याळ, आणि ते सर्वांत चमत्कारिक. वृद्ध एलिझने ते रिचर्डला दिले. रिचर्डने ते १९१२ मध्ये नेऊन तिच्यापाशी सोडले. मग ते घडवले कोणी? ते फक्त दोघांमध्ये फिरत राहते. वस्तूची पूर्वपीठिका तपासणे हे इतिहासाचे पहिले काम. येथे पूर्वपीठिका नसलेली वस्तूच प्रेमाची खूण ठरते.

कादंबरीत हे पुरावे इतके निर्विवाद नाहीत. तिथे नायकाच्या मेंदूत गाठ आहे, त्याची हकिगत त्याचा भाऊ प्रकाशित करतो, आणि घडले ते खरे की आजारी मेंदूचा भास, हा प्रश्न खुला राहतो. चित्रपटाने आजार वगळला, तसा संशयही वगळला. स्थळकाळही बदलले. कादंबरीतील कॅलिफोर्नियाचे ‘हॉटेल डेल कोरोनाडो’ आणि १८९६ हे वर्ष जाऊन मिशिगनमधील मॅकिनॉ बेटावरचे ‘ग्रँड हॉटेल’ (१८८७) आणि १९१२ आले. या बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी असल्याने जुना काळ उभारणे सोपे गेले. मात्र हा भूतकाळ फार निवडक आहे. सरोवराकाठची फेरी, पांढरे पोशाख आणि नाट्यप्रयोग यांपलीकडचे १९१२ त्यात नाही. बहुतेक अमेरिकन स्त्रियांना तेव्हा मताधिकार नव्हता, याची पुसट छाया एलिझवरील रॉबिन्सनच्या हुकमतीत तेवढी दिसते.

येथेच माझा मुख्य आक्षेप आहे, आणि तो एका खऱ्या स्त्रीपाशी जातो. मॅथेसन यांना कादंबरी सुचली ती मॉड ॲडम्स (१८७२–१९५३) या अभिनेत्रीचे छायाचित्र पाहून. १९०५ पासून ‘पीटर पॅन’च्या भूमिकेने अमेरिकेत गाजलेल्या ॲडम्स यांनी १९१८ मध्ये नियमित रंगभूमी सोडली. पण त्यानंतरचे आयुष्य त्यांनी वाट पाहण्यात घालवले नाही. विद्युत-प्रकाशयोजनेच्या प्रयोगांत त्यांनी भाग घेतला, पुढे काही काळ त्या रंगमंचावर परतल्या आणि १९३७ पासून मिसूरीतील स्टीव्हन्स कॉलेजात त्यांनी नाट्यशिक्षण दिले. एलिझच्या वाट्याला मात्र १९१२ ते १९७२ अशी साठ वर्षे येतात आणि चित्रपट ती रिकामी ठेवतो. त्या उन्हाळ्यानंतर ती मिटून गेली, एवढेच आपण ऐकतो. रिचर्डच्या प्रवासासाठी चार-चार पुरावे जमवणारी संहिता तिच्या साठ वर्षांसाठी एकही पुरावा ठेवत नाही.

प्रदर्शनाच्या वेळी समीक्षकांनी नाकारलेला हा चित्रपट पुढे केबल दूरचित्रवाणीने आणि व्हिडिओने जगवला. १९९० मध्ये त्याच्या चाहत्यांचे मंडळही स्थापन झाले. या प्रेमाला केवळ भाबडेपणा म्हणून झटकणे योग्य नव्हे. जुन्या वहीत आपली सही सापडावी, जुन्या छायाचित्रातले हसू आपल्यासाठी असावे, ही इच्छा जुन्या साहित्याच्या प्रत्येक वाचकाच्या मनात थोडीफार असतेच. हस्तलिखित वाचणारा विद्यार्थीही त्यातून सुटलेला नाही. फक्त ते हसू आपल्यासाठी नव्हते, हे मान्य केल्यावर त्या स्त्रीचे स्वतःचे आयुष्य दिसू लागते. चित्रपट पाहून झाल्यावर मॉड ॲडम्स यांचे चरित्र वाचावे, ते त्यासाठी.