चित्रपट-अभिनेत्रींची व्यावसायिक वाटचाल

मुंबई, पुणे व कोल्हापूर या तीन केंद्रांत विसाव्या शतकात भारतीय चित्रपटव्यवसायाचा मोठा भाग वाढला. या केंद्रांतून पुढे आलेल्या यशस्वी अभिनेत्रींच्या कारकीर्दींचा आढावा घेतल्यास त्यांत काही समान टप्पे आढळतात : लहान वयात किंवा आर्थिक गरजेतून प्रवेश, एखाद्या चित्रसंस्थेशी करार, नायिकापदाची मोजकी वर्षे, विवाह, आजार वा तंत्रबदल यांमुळे येणारा खंड आणि त्यानंतर चरित्र-भूमिकांचे दीर्घ पर्व. नायिका म्हणून मिळालेली लोकप्रियता ही या वाटचालीतील एक पायरी होय. कारकीर्द किती टिकली, हे पुष्कळदा करार, मोबदला व भूमिकांची निवड यांवर त्या अभिनेत्रीचा कितपत ताबा होता, यावर ठरले.

प्रवेश : दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, कारण पडद्यावर येण्यास स्त्रिया तयार नव्हत्या. त्याच वर्षीच्या मोहिनी भस्मासुर या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची सुमारे तेरा वर्षांची मुलगी कमला (पुढे कमलाबाई गोखले) या दोघींनी भूमिका केल्या. त्या नाटकमंडळीतून आल्या होत्या. मूकपटांच्या काळात कलावंत घराण्यांतील व अँग्लो-इंडियन, ज्यू इ. समाजांतील स्त्रिया या व्यवसायात प्रामुख्याने दिसतात. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना (१९०७–८३) या टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून चित्रपटात आल्या आणि १९२०–३० या दशकात आघाडीच्या तारका ठरल्या.

बोलपट व करारपद्धती : आलम आरा (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटानंतर हिंदी उच्चार व गायन यांना महत्त्व आले. सुलोचना यांना काही काळ थांबून भाषेचा अभ्यास करावा लागला. त्यानंतर आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्यांतून त्या परतल्या. अनारकली या कथेच्या १९२८ व १९३५ च्या चित्रपटांत त्या नायिका होत्या. १९५३ च्या चित्रपटात त्यांनी सलीमच्या मातेची भूमिका केली. एकाच कथेतील हे स्थित्यंतर अभिनेत्रीच्या व्यावसायिक वयाचे बोलके उदाहरण आहे.

या काळातील चित्रसंस्था कलावंतांना मासिक वेतनावर बांधून घेत. अमृतमंथन (१९३४) व कुंकू (१९३७) या चित्रपटांमुळे कीर्ती पावलेल्या शांता आपटे (१९१६–६४) यांनी करारविषयक वादातून १९३९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले. नामवंत तारकाही अखेर संस्थेची वेतनधारी सेवक होती, हे त्यामुळे उघड झाले. जाऊ मी सिनेमात? (१९४०) या पुस्तकात त्यांनी या व्यवसायाची परखड चिकित्सा केली.

दोन वाटा : दुर्गा खोटे (१९०५–९१) व हंसा वाडकर (१९२३–७१) यांच्या कारकीर्दींची तुलना उद्‌बोधक ठरते. दोघींच्याही प्रवेशामागे कुटुंबाची आर्थिक निकड होती. तथापि दुर्गा खोटे सुशिक्षित होत्या व प्रौढ वयात या व्यवसायात आल्या. अयोध्येचा राजा (१९३२) या चित्रपटातील यशानंतर त्या एकाच संस्थेशी बांधल्या गेल्या नाहीत. कोल्हापूर, पुणे, मुंबई व कलकत्ता येथील संस्थांत त्यांनी कामे केली, साथी (१९३७) या चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शन केले आणि पुढे लघुपटनिर्मितीची स्वतंत्र संस्था चालविली. मुगले आझम (१९६०) मधील जोधाबाईपासून बिदाई (१९७४) पर्यंतच्या चरित्र-भूमिका त्यांनी स्वेच्छेने निवडल्या. १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. याउलट हंसा वाडकर यांना विजयाची लग्ने (१९३६) या चित्रपटापासून बालवयातच घर चालवावे लागले. संत सखू (१९४१), लोकशाहीर रामजोशी (१९४७) व सांगत्ये ऐका (१९५९) या चित्रपटांचे यश त्यांच्या वाट्याला आले; परंतु मिळकतीवर व जीवनक्रमावर इतरांचीच सत्ता राहिली. त्यांचे सांगत्ये ऐका (१९७०) हे आत्मकथन व दुर्गा खोटे यांचे मी, दुर्गा खोटे (१९८२) हे आत्मचरित्र एकत्र वाचल्यास, अभिनयगुण सारखे असूनही परिस्थितीने फळ कसे वेगळे दिले, ते स्पष्ट होते.

खंड व पुनरागमन : ललिता पवार (१९१६–९८) या नायिका व निर्मात्या म्हणून स्थिरावलेल्या असताना १९४२ मध्ये चित्रीकरणातील थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्यावर अर्धांगाचा परिणाम झाला व डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकापद संपले, पण त्याच चेहऱ्याच्या आधारे खाष्ट सासूची भूमिका त्यांनी स्वतःच्या नावाशी जोडली आणि अनाडी (१९५९) मध्ये प्रेमळ घरमालकीण साकारून त्या चाकोरीबाहेरही पडल्या. जयश्री गडकर (१९४२–२००८) समूहनृत्यातून पुढे येऊन तमाशापटांच्या नायिका झाल्या. रामायण (१९८७) या दूरदर्शन-मालिकेत त्या कौसल्येच्या, तर ललिता पवार मंथरेच्या भूमिकेत दिसतात. म्हणजे नव्या माध्यमानेही जुन्या नायिकांना काम दिले. विवाहाने कारकीर्द संपते, हा समज नूतन (१९३६–९१) यांनी खोटा ठरविला. बंदिनी (१९६३) ही त्यांची श्रेष्ठ भूमिका विवाहोत्तर होय. मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका असलेल्या स्मिता पाटील (१९५५–८६) यांनी हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेल्या भूमिका (१९७७) या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. त्यांच्या उंबरठा (१९८२) या चित्रपटाचा विषयही घर व काम यांतील स्त्रीची निवड हाच आहे.

कायदेशीर स्थिती : चित्रसंस्थांची वेतनपद्धती स्वातंत्र्योत्तर काळात मोडली व प्रत्येक चित्रपटासाठी स्वतंत्र करार होऊ लागले. नामवंतांचा मोबदला वाढला. पण नियमित वेतनाची शाश्वती गेली. १९८१ च्या केंद्रीय कायद्याने चित्रपट-कामगारांशी लेखी करारनामा करणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. मात्र विहित मर्यादेहून अधिक मोबदला घेणारे कलावंत त्याच्या कक्षेबाहेर होते. नायिकांना करारातील संरक्षण स्वतःच्या सौदाशक्तीवर मिळवावे लागते आणि ती शक्ती नायिकापदाच्या वर्षांतच सर्वाधिक असते. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न या अर्थाने पूर्णपणे सुटलेला नाही.