हाच विषय का?

'इस्लामोफोबिया' हा शब्द आपल्याकडे 11 सप्टेंबर 2001 नंतर वर्तमानपत्रांतून रुळला. त्यामुळे तो तेव्हाच जन्मला, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात 1910 साली तो फ्रेंचमध्ये छापला गेला होता आणि तोही एका विद्यापीठीय प्रबंधात. आलँ केलियँ हे फ्रान्सच्या वसाहत खात्यात नोकरीला होते. पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंच राजवटीचे मुसलमानविषयक धोरण, हा त्यांच्या कायद्याच्या डॉक्टरेटचा विषय. पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजात इस्लामविषयी जो पूर्वग्रह पसरला होता, त्याला त्यांनी हे नाव दिले. भूमिका मात्र राज्यकारभाराची होती. मुसलमान रयतेवर राज्य करायचे, तर तिच्याविषयीचे आंधळे मत उपयोगाचे नाही.

आमच्या उर्दू शाळांतून शिकून विद्यापीठात पोचलेली काही मुलेमुली आता भेदभावाच्या अभ्यासाकडे वळतात. कुणाला नाव ऐकताच भाड्याची खोली नाकारलेली असते, कुणाच्या बुरख्यावर वर्गात शेरा मारलेला असतो. विषय सांगितला की त्यांना हमखास विचारले जाते, "हा तर तुमचाच प्रश्न, मग तटस्थता कुठून आणणार?" केलियँना असे कुणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. राज्यकर्त्याची गरज ही गरज ठरते आणि रयतेचे दुःख तेवढा पक्षपात!

या संदर्भात एडवर्ड सईद यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. जन्म 1935 चा, जेरुसलेमचा. घराणे अरब ख्रिस्ती. हार्वर्डमध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो जोसेफ कॉनरॅड या कादंबरीकारावर. विद्यार्थिदशेत अरब हा त्यांचा विषय नव्हताच. 1967 च्या जूनमधील युद्धाने चित्र पालटले. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठात 1957 च्या तुकडीचा दशवार्षिक मेळावा होता. मिरवणुकीसाठी अरबी पोशाख आधीच ठरला होता. युद्धात अरब हरले, तेव्हा नवे फर्मान निघाले : तोच पोशाख घालून, हात वर करून, शरण आल्यासारखे चालायचे. सईद स्वतः 1957 चेच पदवीधर. पुढे 1978 च्या 'ओरिएंटॅलिझम' या ग्रंथात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आणि या अभ्यासामागे आपले पौर्वात्य असणे आहे, हे प्रस्तावनेतच सांगून टाकले. कारण लपवले नाही, पण पुरावा मात्र दोन शतकांच्या ग्रंथांतून दिला.

सईद ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते, तिथेच अर्धशतकापूर्वी आपल्या महाराष्ट्रातला एक विद्यार्थी बसला होता. 9 मे 1916 रोजी भीमराव आंबेडकरांनी तिथे भारतातील जातींवर निबंध वाचला. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने नळ उघडल्याखेरीज ज्याला पाणी मिळत नव्हते, बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते, असा हा विद्यार्थी. निबंधात यातले काही नाही. आहे ती जातीअंतर्गत विवाहाची, सतीची, सक्तीच्या वैधव्याची आणि बालविवाहाची थंड डोक्याने केलेली चिकित्सा. प्रश्न जखमेने दिला, उत्तर अभ्यासाने शोधले.

स्वतःच्या आठवणी बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात लिहिल्या. त्यातला एक प्रसंग आपल्या मुलांनी वाचावा, असे मी आग्रहाने सांगतो. काहींना ते रुचत नाही. आपल्यावरच्या अन्यायाचा अभ्यास करायला निघालेल्याला हे पान कशाला दाखवता, असे ते म्हणतात. मला ते आधी दाखवावेसे वाटते.

साल 1934. वेरूळला जाताना बाबासाहेब सहकाऱ्यांसह निजामाच्या राज्यातल्या दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. महिना रमजानचा. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, हौद बाटवला म्हणून ओरडत मागे धावत आले. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी बाबासाहेबांनीच विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्यालाही हे पाणी नाकाराल का? जमाव गप्प झाला. पुढे मंडळींना किल्ला पाहू दिला, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला : आत कुठेही त्यांचा हात पाण्याला लागू नये म्हणून.