रानातल्या झोपड्या

२०२० च्या मार्चमधली गोष्ट. आपल्या राज्यात साथरोग कायदा लागू झाल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. निवेदिकेने कायद्याचं पूर्ण नाव वाचलं आणि शेवटी साल सांगितलं, १८९७. माझा चहाचा कप हातातच राहिला. १८९७ म्हटलं की पुण्याच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. प्लेग, रँड, चाफेकर! शाळेत पाच मार्कांसाठी पाठ केलेलं साल असं एकदम आपल्या हॉलमध्ये येऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, गॅलरीतल्या थाळ्या, आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळं बंद. आमच्या घरी मी, बायको, मुलगी आणि आई. आई तेव्हा ७९ वर्षांची होती. सुरुवातीला माझ्या अंगात फार उत्साह होता. फ्रिजवर वेळापत्रक लावलं. सकाळी प्राणायाम, दुपारी वाचन, संध्याकाळी पत्ते. मुलीने ती फेसाळ डालगोना कॉफी करून पाहिली. व्हॉट्सॅपवर रोज वीस-पंचवीस सुविचार यायचे, त्यातले पाच-सहा मी पुढे ढकलायचो. एकूण मी 'सकारात्मक' होतो.

आई नव्हती. तिचं सगळं जगणं घराबाहेर होतं हे मला तेव्हा कळलं. सकाळी बागेत तीन फेऱ्या, तिथल्या बाकावरच्या मैत्रिणी, गुरुवारचं भजन, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडण. हे सगळं एका रात्रीत बंद. पहिला आठवडा 'रामायणा'त गेला. मग ती बातम्यांकडे वळली. आज किती सापडले, किती गेले, पुण्यात किती, मुंबईत किती. एका जुन्या वहीत ती आकडे लिहायला लागली. एप्रिलच्या मध्यापर्यंत तिचं बोलणं जवळजवळ थांबलं. ताटात अर्धी पोळी राहायची. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा न लावता बसलेली दिसायची. एकदा म्हणाली, "मी कुणाच्या काय उपयोगाची आता?"

मी जे सगळे करतात तेच केलं. म्हटलं, आई, जरा पॉझिटिव्ह विचार कर.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, पॉझिटिव्ह आलं की घेऊन जातात ना?"

हा विनोद त्या दिवसांत सगळ्यांनी केला असेल. पण ती विनोद करत नव्हती.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांनी आईशी बराच वेळ गप्पा मारल्या, झोपेसाठी काही दिवस एक औषध दिलं आणि मला दोन गोष्टी सांगितल्या. बातम्या दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी. (जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्चमध्ये हेच सांगितलं होतं, मी ते वाचून विसरलो होतो.) आणि दुसरं म्हणजे, त्यांच्याकडे घरातलं असं एखादं काम द्या की जे त्यांनी केलं नाही तर दुसऱ्याचं अडेल. करमणुकीचं काम नको, खरं काम.

खरं काम कुठलं द्यावं हे मला सुचेना. माझं मन तर त्या १८९७ मध्येच अडकलं होतं. रात्री झोप येईना म्हणून मी प्लेगबद्दल मिळेल ते वाचत होतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. थोड्याच महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून निघाली. मिळेल त्या गाडीने, नाहीतर पायी. (२०२० च्या एप्रिल-मेमध्ये महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं टीव्हीवर दिसत होती तेव्हा मला हे वाचून कसंसंच झालं.) पुण्यात साथ पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ ला तो कायदा झाला. आणि १३ मार्चपासून रँडच्या कमिटीने सैनिक लावून घरांची झडती सुरू केली. सोल्जर थेट स्वयंपाकघरात, देवघरात शिरायचे. माणसांना, बायकांनासुद्धा, चारचौघांत तपासायचे. संशय आला की छावणीत रवानगी, सामान जाळायचं. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच बिघडलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो ३ जुलैला मेला, पुढे चाफेकर फाशी गेले. एवढं आपण पाठ केलेलं असतं.

पण त्याच पुण्यात त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली होती. सावित्रीबाई फुल्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथे पोचवलं. मुलगा वाचला असं सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रँडची झडती सुरू झाली ती त्यानंतर तीन दिवसांनी. टिळकांनीही नुसतं 'केसरी'तून झोडपलं नाही, तर स्वतः पुढाकार घेऊन प्लेगचं हॉस्पिटल काढलं. रोग्याला वेगळं ठेवायला त्यांचा विरोध नव्हता, ज्या रीतीने ते केलं जात होतं त्याला होता.

हे वाचताना मला वाटायला लागलं की माणसाला वेगळं ठेवणं आणि एकटं टाकणं ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतो की काय? माळावरचा दवाखाना पण गावाबाहेर होता आणि छावणीही गावाबाहेरच होती. पण एका ठिकाणी कुणीतरी पाठीवर घेऊन गेलं आणि दुसऱ्या ठिकाणी दंडाला धरून नेलं.

एका दुपारी आईला सहज विचारलं, "आजी कधी प्लेगबद्दल बोलायची का गं?"

महिनाभरात पहिल्यांदा आई सलग तासभर बोलली!

माझी आजी, म्हणजे आईची आई, कराडजवळच्या एका गावातली. जन्म १९०९ च्या सुमाराचा. प्लेग काही १८९७ मध्ये येऊन गेला असं नाही, तो पुढे वीस-पंचवीस वर्षं गावोगाव फिरत राहिला. देशात एक कोटीच्या आसपास माणसं गेली. सातारा जिल्ह्याने तर फार सोसलं. १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाल्यावर हळूहळू सरकारनेही जबरदस्ती सैल केली. लस घ्यायची तर घ्या, गाव सोडून रानात राहायला जा, असा समजावणीचा मार्ग आला. आणि लोक गेले! खेड्यात तर पद्धतच पडून गेली. घरात उंदीर मरून पडायला लागले, की 'उंदीर पडले' म्हणायचे आणि गाव उठायचं.

म्हणजे बघा, तेव्हाचा लॉकडाउन आपल्या बरोब्बर उलटा होता. आपल्याला घरात बसायचं होतं, त्यांना घर सोडायचं होतं. आणि ते शहाणपणाचंच होतं, कारण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. पॉल लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये ते दाखवून दिलं, पण बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही. आजीच्या गावात सिमाँचं नाव कुणाला ठाऊक असणार? पण उंदीर पडले की घर सोडायचं, हे ठाऊक होतं.

आजी आठ-नऊ वर्षांची असताना अशीच सगळी रानात गेली. तुराट्यांचे कूड, वर गवत, तीन दगडांची चूल. बैलगाडीत पहिलं काय चढलं असेल? जातं! मग देवांची पेटी, मग धान्य. पणजीचं म्हणणं असं की पहाटे जात्याचा आवाज आला पाहिजे, म्हणजे पोरांना वाटतं सगळं ठीक आहे. झोपड्या लांब लांब, मध्ये मोकळं रान. एकमेकांकडे जायचं नाही, हे गावानेच ठरवलेलं. पण दिवेलागणीला कडेच्या झोपडीतली एक म्हातारी बाहेर यायची आणि पुढच्या झोपडीकडे तोंड करून ओरडायची, "हायसा का?" तिकडून उत्तर यायचं, "हाय, हाय!" मग त्या झोपडीने पुढच्या झोपडीला हाक द्यायची. अशी हाक फिरत फिरत शेवटापर्यंत जायची. मगच पोरांना जेवायला वाढायचे.

"आणि उत्तर नाही आलं तर?" माझ्या मुलीने विचारलं. ती कधी येऊन बसली कळलंच नव्हतं.

"एकदा नाही आलं," आई म्हणाली. "मग दोघं जण लांब उभं राहून बघून आले. दुसऱ्या दिवसापासून त्या झोपडीपुढच्या दगडावर भाकरी आणि पाणी ठेवायला लागले. दोन माणसं गेली त्या घरातली. एक मुलगी वाचली."

त्या मुलीचं नाव आजीला शेवटपर्यंत आठवत होतं असं आई म्हणाली.

त्याच संध्याकाळी सात वाजता आईने डोंबिवलीला मावशीला फोन लावला. मावशी 'हॅलो' म्हणायच्या आत हिने विचारलं, "हायसा का?" मावशीला आधी काही कळेना, मग दोघी इतक्या हसल्या की आमच्या घरात कित्येक दिवसांत तसं कुणी हसलं नव्हतं. मग ठरलंच. सात वाजता आईने मावशीला फोन करायचा, मावशीने कराडला धाकट्या मामाला, आणि मामाने आईला. साखळी पूर्ण झाली की जेवायला बसायचं. डॉक्टर म्हणाले होते तसं काम तिचं तिनेच शोधलं. सव्वासातपर्यंत मामाचा फोन आला नाही तर ती उलट चौकशी करायची. आकड्यांची वही कपाटात गेली.

आई लगेच ठणठणीत झाली असं मी म्हणणार नाही. औषध महिनाभर चाललं, झोप जुलैपर्यंत नीट नव्हती. नुसत्या हाकेने सगळं बरं होतं असं सांगणारा सुविचार मला पुढे ढकलायचा नाहीये. आणि हेही खरं की आम्हाला घर होतं, पगार चालू होता. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते आपल्या गावाकडे चालत निघाले होते. त्यांना 'हायसा का' विचारणारं वाटेत कुणी नव्हतं. मन शांत ठेवायचे उपाय सांगताना मला ते रूळ आठवतात आणि मी जरा गप्प होतो.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी मामाचा फोन आला नाही. साडेसातला आम्ही केला. मामी म्हणाल्या, ताप आहे, दुपारी दवाखान्यात नेलंय. पुढचे अकरा दिवस साखळी मावशीपाशी थांबायची आणि मावशीच आईला कळवायची की आज ऑक्सिजन किती आहे. बाराव्या दिवशी मामा गेला. आम्हाला कुणालाच जाता आलं नाही. मामींनीही त्याला लांबूनच पाहिलं. आई त्या रात्री पुन्हा स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली. ह्या वेळी मी तिला काही सांगायला गेलो नाही, नुसता शेजारी बसलो.

पुढचे चार दिवस सात वाजता कुणीच कुणाला फोन केला नाही. मला वाटलं, संपलं हे आता.

पाचव्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन वाजला. मामी होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं फारसं. बराच वेळ काहीच आवाज नाही, मग त्यांनी हळूच विचारलं, "वन्सं, हायसा का?"

आई म्हणाली, "हाय गं. तू जेवलीस का?"

तेव्हापासून मामाच्या जागी मामी आहेत. लॉकडाउन उठला, लशी आल्या, मास्क गेले. आईच्या बागेतल्या फेऱ्या तीनावरून एकावर आल्यात, कोथिंबिरीवरून भांडण मात्र जोरात आहे. सात वाजता फोन अजून वाजतो. मुलगी आता शिकायला दुसऱ्या गावी आहे. गेल्या महिन्यात तिने आपणहून आजीला सांगितलं की मलाही साखळीत घ्या.

तुमच्याही घरात कुणी पणजी, कुणी आजोबा प्लेगच्या झोपडीत राहून आलेले असतील. कुणाला काही आठवत असेल तर विचारून ठेवा. आणि सात वाजता कुणाला तरी फोन करा.