पायाभूत आणि संकलित चाचणी: पेपर कसा बनतो, गुण कसे द्यायचे आणि पालकांनी काय पाहायचं?

जिल्हा परिषद शाळेतली मुलं वर्षातून तीन वेळा एक वेगळी प्रश्नपत्रिका सोडवतात. हिचं सरकारी नाव नियतकालिक मूल्यांकन चाचणी, शिक्षकांच्या तोंडी ‘पॅट’. घरी मात्र एकच प्रश्न विचारला जातो, "किती मार्क पडले?" या चाचणीचा खरा उपयोग त्या आकड्यापेक्षा, नेमकं काय चुकलं हे कळण्यात आहे.

चाचण्या कोणत्या?

महाराष्ट्रात केंद्राच्या ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत २०२३-२४ पासून या चाचण्या सुरू झाल्या. सुरुवात तिसरी ते आठवीच्या वर्गांपासून झाली. विषय तीन: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, पहिल्या सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन १ आणि दुसऱ्या सत्राच्या शेवटी संकलित मूल्यमापन २.

पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अभ्यासावर असते. म्हणजे पाचवीतल्या मुलाला चौथीचं किती येतं, हे त्यातून दिसतं. तिच्यावर पास-नापास ठरत नाही. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुन्हा परीक्षेची संधी, हा नियम वेगळा आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

पेपर कसा तयार होतो?

प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येतात. आधार असतो अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे त्या इयत्तेच्या मुलाला काय यायला हवं याच्या यादीचा. चांगल्या पेपरसाठी आधी संविधान तक्ता करतात. कोणत्या निष्पत्तीवर किती प्रश्न, सोपे किती, अवघड किती, लेखी किती, तोंडी किती, हे त्यात ठरतं. एका प्रश्नात एकच गोष्ट तपासली तर चूक कुठली ते कळतं. गणिताचा प्रश्न चार ओळींचा असेल, तर मुलाचं गणित कच्चं की वाचन, हेच समजत नाही.

तपासताना काय पाहायचं?

पेपर वर्गशिक्षकच तपासतात. उत्तरसूची सोबत असते आणि गुण ऑनलाइन भरावे लागतात. पण गुणांइतकीच चुकीची जात ओळखणं महत्त्वाचं.

उदाहरण घ्या: ५२ वजा २७. एका मुलाने ३५ लिहिलं, दुसऱ्याने २६. दोघांनाही शून्य. पण पहिल्याने एककात सातातून दोन वजा केले, म्हणजे मोठ्यातून लहान. त्याला दशक सुटा करणंच समजलेलं नाही. दुसऱ्याची रीत बहुधा बरोबर आहे, मोजताना एकाचा फरक पडला. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा शिकवावं लागेल, दुसऱ्याला थोडा सराव पुरेल. वहीतली आकडेमोड पाहिली, मुलाला "कसं केलंस?" असं विचारलं, की खात्री होते.

तोंडी परीक्षेतही हेच. गणिताचं उत्तर मुलाने घरच्या बोलीत बरोबर सांगितलं, तर ते गणित त्याला येतं. भाषेचा सराव वेगळा घेता येतो.

वर्गाचा तक्ता

समजा वर्गात ३० मुलं आहेत. सातवा प्रश्न २२ जणांचा चुकला, तर तो भाग सगळ्या वर्गाला पुन्हा शिकवायला हवा. चौघांचाच चुकला, तर त्या चौघांचा वेगळा गट करून बसवावं. वर्गाची सरासरी ही गोष्ट सांगत नाही. सरासरी चांगली असूनही मागच्या बाकावरची चार मुलं वाचताना अडखळत असू शकतात.

दोन चाचण्यांचे गुण थेट जोडून पाहणंही बरोबर नाही. अभ्यासक्रम आणि पेपरची काठिण्यपातळी वेगळी असते. म्हणून १४ चे १८ झाले, एवढ्यावरून प्रगती ठरत नाही. कालची चुकलेली रीत आज जमते का, हे पाहावं.

फुगवलेल्या गुणांचा तोटा कुणाला?

शाळेचा आकडा चांगला दिसावा म्हणून फळ्यावर उत्तरं लिहून दिली, किंवा पेपर आधीच मोबाईलवर फिरला, तर नुकसान मुलाचंच. कागदावर त्याला सगळं येतं, म्हणून जादा तासाच्या यादीत त्याचं नावच लागत नाही. पुढच्या वर्गात अभ्यास वाढतो आणि कच्चा पाया तसाच राहतो. कमी गुण मिळाले म्हणून शिक्षकाला धारेवर धरलं, तर पुढच्या वेळी गुण वाढतील, शिकणं वाढेलच असं नाही.

पालकांनी शाळेत काय विचारावं?

• माझ्या मुलाचे कोणते प्रश्न चुकले? तपासलेला पेपर पाहता येईल का?
• चूक समजण्यातली आहे की सरावाची?
• त्यासाठी वर्गात काय करणार, घरी काय करून घ्यायचं?
• पुन्हा कधी तपासणार?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही हेच प्रश्न मांडता येतात. मुलांची नावं न घेता, कोणत्या इयत्तेत कोणता भाग कच्चा आहे एवढं समोर आलं, तरी पुढच्या दोन महिन्यांचं काम ठरवता येतं.