विंचू, हृदय आणि एक गोळी

आमच्या तुडीलकडे विंचवाची खरी भीती लाल विंचवाची. काळी इंगळी दिसायला दांडगी, पण जीव घेणारा हा बोटभर लाल. पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, कौलांखाली, कुठेही दडलेला. माझ्या लहानपणी विंचू उतरवणाऱ्याला बोलावत. रात्रभर मंत्र चालत, आणि पहाटे एखादे पोर घामाने थबथबून, धाप लागून, तोंडाला फेस येऊन जाई. लोक म्हणत, विष चढले. प्रत्यक्षात त्या पोराचे हृदय हरलेले असे.

हे ज्यांनी दाखवून दिले ते डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली आमच्या तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी बारीक नोंदी केल्या. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आधीची खूण आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नियतकालिकात मांडले. पुढे १९८६ साली तिथेच प्राझोसिन या गोळीबद्दल लिहिले. गोळी मूळची रक्तदाबाची, स्वस्त, तोंडाने घ्यायची. खेड्यातल्या दवाखान्यात आणखी काय हवे? पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात २५-३० दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले.

मला झटका येऊन गेल्यापासून हृदयाचे पंपिंग कमी आहे, हे नातेवाइकांना ठाऊकच आहे. त्यांतले काही जण विचारतात, मग तुम्हालाही बावस्करांची गोळी का देत नाहीत?

गंमत म्हणजे त्याच १९८६ साली अमेरिकेतून याचे उत्तर आले होते. तिथे हृदय कमजोर झालेल्या ६४२ पुरुषांवर निरनिराळी औषधे तपासली. काहींना प्राझोसिन दिली, काहींना नुसती औषध नसलेली गोळी. मृत्यूच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. महाडला जीव वाचवणारी गोळी तिकडे निरुपयोगी ठरली!

कारण दोन्हीकडचे दुखणे वेगळे. विंचवाच्या विषाने मज्जातंतू खवळतात, अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि फुप्फुसांत पाणी साठते. प्राझोसिन रक्तवाहिन्यांचा आवळ सैल करते. वादळ सरले की हृदय बहुधा काही दिवसांत सावरते. झटक्यात मात्र रक्ताची गुठळी अडकून हृदयाचा काही स्नायू मरतो. तो परत येत नाही. उरलेला स्नायू ताणला जातो, आणि शरीर मदत करायला म्हणून रक्तवाहिन्या आवळते, मीठपाणी धरून ठेवते. त्यानेच हृदय आणखी थकते. हे एका रात्रीचे नाही, वर्षानुवर्षांचे. तिथे नुसता आवळ सोडवून भागत नाही, शरीराची ती धडपडच आवरावी लागते.

ते काम कॅप्टोप्रिलने केले. झटक्यानंतर हृदय कमजोर झालेल्या २,२३१ रुग्णांवरचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे साडेतीन वर्षांत मृत्यू २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. आणि ही गोळी सुचली कशावरून? ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरून! माझ्या डबीतली एक गोळी त्याच कुळातली आहे.

बावस्कर तिथेच थांबले नाहीत. महाडच्याच ७० रुग्णांच्या अभ्यासात काहींना प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष देऊन पाहिले, तेव्हा ते रुग्ण लवकर बरे झाले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

असो. तेव्हा एकाची हृदयाची गोळी दुसऱ्याने मागून घेऊ नये. आणि गावाकडच्या मंडळींनो, विंचू चावला तर घाम फुटायची वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा. पोर लहान असेल तर एक मिनिटही दवडू नका.